आवारात पक्षीनिरीक्षण आणि गावठी कोंबड्या: पिल्ले नेमकी कोण नेत आहे?

पडवीकर (संगमेश्वर तालुका, जि. रत्नागिरी), २१ एप्रिल

नमस्कार.

निवृत्तीनंतर गेली तीन वर्षे मी आणि माझी पत्नी गावच्या घरी कायमचे राहत आहोत. घराभोवती जांभ्या दगडाचा गडगा घातलेले सुमारे ३० गुंठ्यांचे आवार आहे. त्यात चार जुने हापूस, दोन फणस आणि काही रातांबे असून गडग्यापलीकडे थेट सड्यापर्यंत (डोंगरावरच्या कातळी पठारापर्यंत) चढत गेलेले रान आहे. पक्षी पाहण्याची आवड मला नोकरीच्या काळापासून आहे. मात्र मुंबईत रविवारी सकाळी जे दिसेल त्यावर समाधान मानावे लागे आणि येथे पडवीत चहा घेत बसले तरी तासाभरात वीस-पंचवीस जातींची नोंद सहज होते. केवळ आवारातून पाहिलेल्या ११२ जाती आजवर माझ्या वहीत आल्या आहेत.

कोंबड्या पत्नीच्या आहेत. दोन कोंबडे आणि चौदा कोंबड्या, सर्व गावठी. दिवसभर मोकळ्या फिरतात आणि तिन्हीसांजेला खुराड्यात कोंडल्या जातात. यंदा गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात दोन खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबड्यांखाली मिळून २१ पिल्ले निघाली आणि आज त्यांपैकी ९ उरली आहेत. रात्री मोजून कोंडलेली पिल्ले सकाळी तितकीच भरतात, त्यामुळे जे काही घडते ते दिवसाच घडते, एवढे निश्चित आहे. बहुतेक पिल्ले मागे काहीही न ठेवता नाहीशी झाली. एक मात्र गडग्याजवळ पोट फोडलेल्या अवस्थेत मिळाले. पेंढ्यात घातलेल्या अंड्यांपैकी तीन अंडीही वरून भोक पाडून खाल्लेली आढळली.

माझा संशय शिक्रा या लहान शिकारी पक्ष्यावर आहे. पारव्याएवढा, राखी पाठीचा आणि पोटावर आडवे पट्टे असलेला एक पक्षी रोज सकाळी कडेच्या हापूसवर येऊन बसतो. बसताना तो शेपूट दोन्ही बाजूंना हलवतो आणि कधी कधी तेथेच अर्धा-अर्धा तास काढतो. तो आला की सातभाई एकच गलका करतात. मला त्याची पिवळी कड असलेल्या डोळ्यांची नजर फार आवडते, पण हे वाक्य मी घरात उच्चारू शकत नाही. "तुमच्या पाहुण्यांचा पाहुणचार माझ्या कोंबड्यांनी का करायचा?" हा पत्नीचा प्रश्न असून माझ्यापाशी त्याचे उत्तर नाही.

वाडीतील एकाने गलोलीचा उपाय सुचवला आणि दुसऱ्याने मेलेल्या पिल्लात उंदराचे औषध भरून ते गडग्यावर ठेवण्याचा. दोन्ही मला मान्य नाहीत. पक्षीही राहतील आणि पिल्लेही वाचतील असा मार्ग कोणी अनुभवाने सांगू शकेल का? पक्ष्यांसाठी मी खळ्याच्या कडेला तांदळाच्या कण्या आणि पाण्याचे मातीचे भांडे ठेवतो. त्यामुळे शिकारी पक्षी आकर्षित होत असतील का, अशीही शंका येते. शिवाय पहाटे एक राखी रानकोंबडा गडगा ओलांडून येतो आणि आमच्या कोंबड्यांमध्ये मिसळून कण्या टिपतो. हे दृश्य दुर्मीळ म्हणून मी आजवर त्याला हुसकावले नाही. ते योग्य की अयोग्य, हेही कळवावे.

---

रानवाट, २१ एप्रिल

पडवीकर सर, आपण दिलेले वर्णन इतके नेमके आहे की आरोपी निर्दोष आहे असे त्यावरूनच म्हणता येते. बसताना शेपूट दोन्ही बाजूंना हलवणारा, डोळ्याभोवती पिवळी कड असलेला, अर्धा-अर्धा तास एका जागी बसणारा आणि सातभाईंना अस्वस्थ करणारा तो पक्षी शिक्रा नसून पावशा असावा. याच दिवसांत तुमच्याकडे भल्या पहाटे, आणि चांदण्या रात्रीही, "पेरते व्हा, पेरते व्हा" असा चढत जाणारा आवाज येत असेल, तो याचाच. पावशाची पाठ, पोटावरचे पट्टे आणि उडण्याची ढबसुद्धा शिक्र्यासारखी असते आणि त्यामुळे लहान पक्षी फसतात, तिथे आपण फसलो तर नवल नाही. सातभाईंचा राग मात्र वेगळ्या कारणाने रास्त आहे, कारण पावशाची मादी आपली अंडी त्यांच्याच घरट्यात घालते. पावशाचे खाणे म्हणजे मुख्यतः सुरवंट, केसाळ सुरवंटसुद्धा. कोंबडीच्या पिल्लाशी त्याला काही देणे-घेणे नाही. उद्या तो बसला की चोच पाहा. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली असते, गळ्याच्या मधोमध एक उभी रेघ असते आणि पाय लांब, पिवळे असतात. पावशाची चोच सडपातळ असते आणि बसण्यातही शिक्र्याचा ताठपणा नसतो.

याचा अर्थ आवारात शिक्रा नाही असा नव्हे. मार्च ते जून हा त्याचा विणीचा काळ असतो आणि घरट्यात पिल्ले असताना तो कोंबड्यांची लहान पिल्ले नक्कीच उचलतो. पण शिक्रा स्वतःच दीड-दोनशे ग्रॅमच्या आतबाहेरचा पक्षी आहे आणि त्याचा रोजचा आहार सरडे, पाली, टोळ, उंदीर आणि चिमणीएवढे पक्षी हा आहे. पिल्लू महिन्याच्या पुढे गेले, की ते उचलून नेणे त्याला जड जाते. अंड्याला भोक पाडणे आणि पोट फोडून पिल्लू तिथेच टाकणे ही त्याची पद्धत नाही. ही दोन्ही लक्षणे मला सरळ डोमकावळ्याकडे नेतात. डोमकावळा आधी दुरून कोंबडीचा फेरा पाहून ठेवतो, मग एक जण तिला समोरून झुलवतो आणि दुसरा मागून पिल्लू उचलतो. असे जोडीने केलेले काम मी स्वतः दोनदा पाहिले आहे. गवतात मागे रेंगाळलेल्या पिल्लांना भारद्वाजही सोडत नसावा असा मला दाट संशय आहे, कारण इतर पक्ष्यांची अंडी आणि घरट्यातील पिल्ले तो खातोच. त्याचे दर्शन शुभ मानले जात असल्यामुळे त्याच्यावर कोणी आळ घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

तर्क करीत बसण्यापेक्षा आपण एक करावे. सलग तीन सकाळी, साडेसहा ते नऊ, पडवीतून फक्त पिल्लांवर लक्ष ठेवावे. दुर्बीण दुसरीकडे वळवू नये. कोंबड्याचा आवाजही नीट ऐकावा. आकाशातून धोका दिसला तर तो बारीक, लांबट आवाज काढून मान तिरकी करतो आणि कोंबड्या जागीच दबतात. मुंगूस किंवा मांजर जमिनीवरून आले तर तो कट्-कट्-कटाक असा तुटक ओरडा बराच वेळ चालू ठेवतो. एवढ्या एका फरकावरून शत्रू वरचा की खालचा हे कळते.

औषध घालण्याच्या सल्ल्याविषयी आपण स्वतःच नकार दिला आहे, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. ते पिल्लू शिक्रा खाईलच असे नाही. कुत्रा, मुंगूस, घार, कोणीही खाईल. विषाने सुस्तावलेला उंदीर खाऊन गव्हाणी घुबडे मरतात आणि मग उंदीर वाढतात, ते पुन्हा पिल्लेच ओढतात. शिवाय वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे शिक्र्याला मारणे किंवा पकडणे हा गुन्हा आहे.

जाता जाता एक विनंती. आवारात कोतवालाचे घरटे असेल तर ते झाड यंदा छाटू नका. घरट्याच्या परिसरात आलेल्या कावळ्याला, घारीला, शिक्र्यालाही कोतवाल पाठीवर चोची मारत हाकलून लावतो आणि म्हणूनच होले, हळद्या, बुलबुल त्याच्या शेजाराला येऊन घरटी करतात. तो पिल्लांची राखण करतो असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या झाडाखालचा भाग इतर जागांपेक्षा सुरक्षित असतो हे नक्की.

---

माळरान, २२ एप्रिल

मोकळ्या कोंबड्या आणि मोकळे पक्षी हे एकत्र जमणार नाही. चारही बाजूंनी आणि वरून जाळी मारून बंदिस्त पालन करावे, विषय संपतो. आमच्याकडे गिरिराज आणि वनराज अशाच ठेवल्या आहेत.

---

खळ्यावरची (कुडाळ), २२ एप्रिल

माळरान भाऊ, तुमच्या गिरिराज-वनराजला ते चालेल, कारण त्या जाती खाद्यावर वाढवायच्या आणि स्वतः अंड्यांवर क्वचितच बसणाऱ्या आहेत. गावठी कोंबडी कोंडून ठेवली तर तिला पोसण्याचा खर्च तिच्या अंड्यांतून निघत नाही. वर्षाला पन्नास-साठ अंडी देणारी कोंबडी परवडते ती केवळ ती आपले पोट आपण भरते म्हणून.

पडवीकर दादा, माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून आमच्या घरात कोंबड्या आहेत, म्हणून थोडे लिहिते. तुमची खरी चूक पिल्ले काढण्याच्या वेळेत आहे. पाडव्याला पिल्ले निघाली, म्हणजे ती सर्वांत लहान असतात तेव्हा कावळा, शिक्रा, भारद्वाज अशा सगळ्यांच्याच घरी खाणारी तोंडे वाढलेली असतात. आमच्याकडे कोंबडी मार्गशीर्षात बसवतात, फार तर पौषात. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात आणि शिमग्यापर्यंत ती तलंगांच्या (वाढत्या, तरुण कोंबड्यांच्या) वाटेला लागलेली असतात. कावळ्याने बघितले तरी तो काही करू शकत नाही. चैत्र-वैशाखात उष्म्याने अंडीही जास्त नासतात आणि पावसाळ्यात ओलीने पिल्ले गारठून मरतात, त्यामुळे थंडीचा हंगाम तिन्ही बाजूंनी बरा. वैशाखात कोंबडी खुडूक झालीच तर तिला अंडी देऊ नका. दोन-चार दिवस मोकळ्या जागी डालग्याखाली ठेवली आणि पेंढा दिला नाही की तिची खुडूक मोडते.

यंदाच्या नऊ पिल्लांचे काय करायचे ते सांगते. सकाळी आई आणि पिल्ले बांबूच्या मोठ्या डालग्याखाली ठेवा आणि डालग्यावर दगड ठेवा. ऊन चढल्यावर, म्हणजे साडेनऊ-दहानंतर, त्यांना सोडा, पण मोकळ्या खळ्यात नको. माडाच्या झापांचा दोन फूट उंचीचा बुटका मांडव खळ्याच्या एका बाजूने गडग्यापर्यंत घाला, बारा-पंधरा फूट पुरे. कोंबडी पिल्लांना घेऊन त्याच्या सावलीतच चरत राहते आणि कोंबड्याने आवाज दिला की पिल्ले आत पळतात. वरून येणाऱ्याला झेप घ्यायला जागाच मिळत नाही. वारुळाचा तुकडा आणून त्या मांडवाखाली फोडला की वाळवी टिपण्यासाठी ती तासन्‌तास तेथून हलत नाहीत. करवंदीची आणि अडुळशाची झुडपे असतील तर तोडू नका, पण खुराड्याला टेकलेले गवत मात्र कापा, कारण मुंगसाला तेच लपण हवे असते.

एक कळकळीची सूचना. मच्छीमारांचे जुने नायलॉनचे जाळे स्वस्तात मिळते म्हणून ते वर ताणू नका. आम्ही ताणले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सैल कोपऱ्यात माणसाच्या उंचीची धामण अडकलेली मिळाली. पुढे जायचा जितका प्रयत्न तिने केला होता तितके जाळे खवल्यांखाली रुतले होते. यजमानांनी तिच्या डोक्यावर गोणपाट धरले आणि मी शिलाईच्या कात्रीने एकेक दोरा कापत होते. अर्धा तास लागला आणि सुटल्यावर ती थेट भाताच्या कणगीखाली गेली. त्या वर्षी कणगीला उंदीर लागला नाही, हे खरे, पण बुलबुलांचे एक जोडपे त्याच जाळ्यात मेले ते आम्हाला दुपारी दिसले. जाळी लावायचीच तर अर्धा इंची, ताठ, लोखंडी लावा.

---

निवृत्त पशुवैद्य, २४ एप्रिल

वरील दोन्ही सविस्तर उत्तरांशी मी सहमत आहे. आपल्या कण्यांच्या आणि रानकोंबड्याच्या प्रश्नाला मात्र कोणी हात घातलेला नाही आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. शिक्रा महिन्याला दोन-चार पिल्ले नेईल. मानमोडी हा कोंबड्यांचा साथीचा रोग आला तर आठवड्यात खुराडे रिकामे होते.

मानमोडीला आपण राणीखेतही म्हणतो, कारण १९२७ मध्ये कुमाऊँमधील राणीखेत येथे ती भारतात नोंदवली गेली. हिचा विषाणू पारवे आणि इतर पक्ष्यांमध्येही आढळतो. कोंबड्या, होले, पारवे, साळुंक्या आणि कावळे एकाच ठिकाणी दाणे टिपतात आणि एकाच भांड्यातून पाणी पितात, तेव्हा विष्ठा, उवा, जंत आणि विषाणू या सर्वांची देवघेव होते. म्हणून कोंबड्यांना दाणे खुराड्यात किंवा पडवीखाली द्यावेत आणि उरलेले अर्ध्या तासात उचलावेत. पक्ष्यांसाठी दाणे ठेवणे मी तरी बंद करीन. आपल्या आवारात फणस, आंबे, रातांबे आणि पलीकडे रान असताना त्यांना कण्यांची गरज नाही. पाणी ठेवायचे असल्यास ते कोंबड्या पोहोचणार नाहीत अशा उंचीवर टांगावे आणि भांडे रोज घासावे.

मानमोडीविरुद्धचे लसीकरण केले आहे का, हे आपण लिहिलेले नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे चौथ्या आठवड्याच्या सुमारास तिचाच पुन्हा एक डोस आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बी लस पंखाखाली टोचून, एवढे तरी झालेच पाहिजे. अडचण अशी असते की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी कुपी फोडणे परवडत नाही, म्हणून लोक लसच टाळतात. वाडीतील पाच-सहा घरांनी एक दिवस ठरवून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून कुपी बर्फावर आणावी, हाच त्यावरचा व्यवहार्य मार्ग आहे.

रानकोंबड्याला दाण्यांची सवय लावू नये. पाळीव कोंबड्यांचा रोग त्याच्यामार्फत रानात जाणे हे उलट्या दिशेपेक्षाही वाईट, कारण तेथे लस देता येत नाही. शिवाय त्याचा गावठी कोंबडीशी संकर होऊ शकतो. हा संकर पुरातन आहे, हे मान्य: पाळीव कोंबडीचे मुख्य पूर्वज लाल रानकोंबडे असले तरी तिच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग आपल्या राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. पण आज सह्याद्रीत शिल्लक असलेल्या रानकोंबड्यांचे रक्त शुद्ध राहणे महत्त्वाचे आहे. दाणे बंद केले की तो आपोआप गडग्यापलीकडे राहील आणि आपल्याला तो तेथेही पाहता येईल.

शेवटचा मुद्दा बर्ड फ्लूचा. देशातील पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याच्या कोंबड्यांबरोबरच आपल्या जिल्ह्यातील दापोलीच्या मेलेल्या कावळ्यांतही तो आढळला होता. या विषाणूचे नैसर्गिक घर म्हणजे पाणपक्षी. जवळ तळे असेल आणि हिवाळ्यात तेथे बदके उतरत असतील तर त्या काळात कोंबड्या तिकडे जाऊ देऊ नयेत, तळ्यावर पक्षी पाहायला जाताना वापरलेल्या चपला खुराड्यात नेऊ नयेत आणि एकाच वेळी दोन-चार कावळे मेलेले दिसले तर हात न लावता दवाखान्यात कळवावे.

---

पडवीकर, १४ जून

सर्वांचे आभार. कामाच्या गडबडीत उत्तर द्यायला उशीर झाला.

रानवाट यांच्या सांगण्याप्रमाणे तीन सकाळी पडवीत बसलो. पहिल्याच दिवशी हापूसवरील पक्ष्याने चोच वर करून "पेरते व्हा" सुरू केले, तेव्हा पत्नी मागे उभी होती. ती काही बोलली नाही. माझ्यासमोर चहा ठेवून निघून गेली. वहीतील शिक्र्याच्या सहा नोंदी खोडून त्या पावशाच्या पानावर नेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी डोमकावळ्यांची जोडी आली. एक कोंबडीच्या पुढ्यात उतरला, ती मान फुलवून त्याच्यावर धावली आणि त्या क्षणी दुसऱ्याने गडग्यावरून खाली झेप घेतली. मी ओरडलो म्हणून पिल्लू वाचले. त्याच आठवड्यात झापांचा मांडव घातला आणि कोंबड्यांचे अंडी घालण्याचे खोके पडवीत आणले. त्यानंतर एकही अंडे फुटले नाही. नऊपैकी आठ पिल्ले आज आहेत. नववे खऱ्या शिक्र्याने नेले, मांडवाबाहेर, माझ्यापासून वीस पावलांवर. तो इतका खालून आणि इतक्या वेगाने आला की कोंबड्यालाही आवाज द्यायला वेळ मिळाला नाही, आणि त्याच्या मागोमाग कोतवाल थेट रानापर्यंत गेला.

वाडीतील सात घरांनी मिळून लस दिली. कण्या बंद आहेत. रानकोंबडा दोन आठवडे येऊन रिकाम्या जागी पाय उकरत राहिला. आता पहाटे फक्त त्याचा आवाज येतो. पुढची कोंबडी मार्गशीर्षात बसवण्याचे ठरले आहे.

---

खळ्यावरची, १४ जून

आठ राहिली, छान झाले. आता पाऊस लागला, की खुराड्याची जमीन ओली राहणार नाही एवढे बघा. खाली रिपा टाकून उचलून घ्या. आणि खुराड्याला नुसती कडी असेल तर तिच्यात खिळा अडकवत जा. कांडेचोराचा (उदमांजराचा) पंजा फार हुशार असतो.